माणिकबाग : परमुलखातील एक मराठी घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत पीण्या येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत काही बोलावे असे कार्यवाहांनी मला सुचविले, तेव्हा ‘विषय तुमच्या आवडीचा घ्या, मात्र जीएसटीवर बोलू नका’ अशी एक प्रेमळ अटही घातली. पीण्यातील कारखानदार मंडळींच्या मनात आमच्या खात्याविषयी जो जिव्हाळा आहे तो पाहता ही अट योग्यच म्हटली पाहिजे. ती मी पाळणार आहे. पण खात्याचा उल्लेख अजिबात टाळणे मला जमणार नाही, कारण आज ज्या घरात मी आपल्याला घेऊन जाणार आहे, त्या घरात सांप्रत आमच्याच खात्याचे बिऱ्हाड आहे.

ते घर म्हणजे इंदूरचा माणिकबाग प्रासाद. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या एका तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० ते १९३३ या काळात तो सिद्ध करून घेतला. विसाव्या शतकातील गृहरचनेचा आणि गृहसजावटीचा इतिहास जे जाणतात, ते पॅरिसचे असोत की न्यूयॉर्कचे, माणिकबागेचे नाव आदराने घेतात. मराठी माणसाला मात्र इंदूर म्हटले की अहिल्यादेवी आठवतात, राजवाडा आठवतो, क्रिकेटच्या शौकिनांना कर्नल सी. के. नायडूंचा होळकर संघ आठवतो आणि खवय्यांना सराफा. माणिकबाग कोणाला आठवत नाही. हे घर सबंध एका मराठी घराण्याचे होते, तेही परमुलखात राहणाऱ्या, म्हणून आजच्या समारंभास हा विषय अप्रस्तुत होणार नाही असे मला वाटले.

होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. अठराव्या शतकात मल्हारराव उत्तरेत गेले आणि मालव्यात स्थिरावले. अहिल्याबाईंनी नर्मदातीरी महेश्वरास राजधानी केली. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर ती इंदुरास आली. म्हणजे यशवंतराव आपले घर बांधायला निघाले तेव्हा त्यांच्या घराण्यास देश सोडून दोनशे वर्षे होत आली होती. आपल्या मंडळाला पन्नास झाली. आपल्यापैकी कित्येकांचे वडील एचएमटीत किंवा बीईएलमध्ये लागले म्हणून इकडे आले, कित्येक जण स्वतःचे लेथ घेऊन पीण्यात उतरले, आणि पुढे कोणी दासरहळ्ळीत तर कोणी विद्यारण्यपुरात ‘थर्टी-फॉर्टी’ची साइट घेऊन घरे बांधली. तेव्हा प्रत्येकाला एक प्रश्न पडलाच असेल. या घरात गावाकडचे काय ठेवायचे, या मुलखाचे काय घ्यायचे, आणि निव्वळ आपल्या मनाचे असे त्यात काय असावे? राजाला हा प्रश्न पडतो तेव्हा त्याचा खर्च मोठा असतो, एवढाच फरक.

यशवंतराव १९०८ सालचे. वडील तुकोजीराव तिसरे यांना बावला खून खटल्याच्या वावटळीत १९२६ साली गादी सोडावी लागली, आणि अठरा वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा महाराज झाला. शिक्षण विलायतेत, चार्टरहाउस शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला. राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे १९३० मध्ये हाती आली. महाराणी संयोगितादेवी या कागलच्या धाकट्या पातीच्या घाटग्यांच्या कन्या. कागल आपल्याला परके नाही. पीण्यावरून जो तुमकूर रस्ता जातो, तोच हुबळी, बेळगाव, निपाणी करीत पुढे गेला की महाराष्ट्रात शिरताच प्रथम कागल लागते. दिवाळीला गाडी घेऊन कोल्हापूरकडे जाणारी आपली मंडळी तेथे चहाला थांबत असतील. राजर्षी शाहू महाराज जन्माने या कागलच्याच घाटगे घराण्यातले, आणि मराठा व धनगर या समाजांत सोयरिकी व्हाव्यात असा त्यांचा आग्रह होता. इंदूर-कागल विवाह १९२४ साली झाला, तेव्हा शाहू महाराज हयात नव्हते; पण त्या विवाहामागे त्यांचा विचार होता हे विसरता येत नाही. माणिकबागेची हकीकत सांगणारे परदेशी लेखक महाराणींच्या पॅरिसच्या पोशाखांविषयी भरभरून लिहितात. त्या कोणत्या मातीतून आल्या याविषयी एक वाक्य लिहितात. आपण ते उलटे करायला हरकत नाही.

आता वास्तुविशारदाविषयी. एकार्ट मुथेसियसचा जन्म १९०४ चा. विलायतेत शिकत असताना महाराजांची त्याच्याशी ओळख झाली. काम सुरू झाले तेव्हा राजा आणि वास्तुविशारद या दोघांच्या वयांची बेरीज पन्नासही भरत नव्हती. एवढ्या कोवळ्या माणसावर एवढे काम सोपविणे हे धाडसच होते; पण त्याच्या घरात या विद्येची परंपरा होती. त्याचे वडील हेर्मान मुथेसियस हे सरकारी अधिकारी होते, हे मी मुद्दाम आणि काहीशा अभिमानाने सांगतो. जर्मन सरकारने त्यांना १८९६ साली लंडनच्या वकिलातीत पाठविले. तेथे सात वर्षे राहून त्यांनी इंग्रजांच्या घरांचा अभ्यास केला आणि त्यावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, जो आजही प्रमाण मानला जातो. सात वर्षांत एका अधिकाऱ्याने इतका उपयुक्त अहवाल सिद्ध केल्याचे उदाहरण आमच्या खात्यात तरी माझ्या ऐकिवात नाही! पुढे १९०७ मध्ये कारागीर, कारखानदार आणि कलावंत यांना एकत्र आणणारी जर्मन संस्था स्थापन झाली, तिच्या प्रवर्तकांत ते प्रमुख होते. यंत्रावर तयार होणारी वस्तूही नेटकी, सच्ची आणि देखणी असू शकते, तिच्यावर खोटी नक्षी चिकटविण्याचे कारण नाही, हा त्या संस्थेचा विचार. पीण्यातल्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने एकदा तरी उत्तम फिनिशचा जॉब मशीनवरून उतरविला आहे, त्याला त्या उघड्या धातूचे सौंदर्य ठाऊक आहे.

जाता जाता सांगतो, जर्मनीतून आलेल्या माणसांचे हात बंगळुरासही लागलेले आहेत. लालबागेची शान वाढविणारे क्रुम्बिगेल हे बडोद्याच्या गायकवाडांची नोकरी करून १९०८ साली इकडे आले. आणि येथून यशवंतपूर ओलांडून मल्लेश्वरमला जाताना लागणाऱ्या टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारातील काही इमारती ओटो कोनिग्सबर्गर यांच्या आहेत. ते हिटलरच्या राजवटीमुळे देशोधडीला लागलेले ज्यू वास्तुविशारद. १९३९ पासून म्हैसूर संस्थानच्या सेवेत होते.

माणिकबागेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी त्याआधीचे राजवाडे आठवावेत. बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा, दोन्ही मेजर मँट या इंग्रजाने आखलेले. घुमट, मनोरे, छत्र्या, कमानी यांचे डोळे दिपविणारे वैभव. खुद्द इंदुरात लालबाग प्रासाद आहे. मुंबईचे लालबाग निराळे, आपल्या बंगळुराचे निराळे; हे तिसरे. त्याची फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून घडविलेली. त्या सर्व वास्तू पाहणाऱ्यासाठी बांधलेल्या आहेत. आपण बाहेर उभे राहावे आणि राजाचे मोठेपण मनात भरावे, हा त्यांचा हेतू. माणिकबाग राहणाऱ्यासाठी बांधलेली आहे. तिला घुमट नाही, मनोरा नाही. बाहेरून पाहता एखाद्याला वाटावे की हे एखादे प्रशस्त सरकारी विश्रामगृह असेल. नक्षी शोधणारा निराश होऊन परत फिरतो.

कार्यालयीन कामानिमित्त इंदुरास जाण्याचा योग आला तेव्हा मी एक खबरदारी घेतली होती. घर पूर्ण झाले त्या सुमाराची छायाचित्रे पुस्तकांतून छापली गेली आहेत. त्यांच्या प्रती सोबत नेल्या होत्या. वास्तुशास्त्र मी शिकलेलो नाही, साधा बी. ए. आहे, पण हातात जुने छायाचित्र आणि समोर तीच भिंत असली की सामान्य माणसालाही बरेच दिसू लागते.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फुटांवर. आपले बंगळूर तीन हजारांवर. या बाराशे फुटांचे मोल मे महिन्यात कळते. मालव्याच्या रात्री सुखद म्हणून नावाजलेल्या आहेत, पण उन्हाळी दुपारी पारा चाळिसाच्या पुढे जातो आणि काळ्या मातीला भेगा पडतात. शहराच्या दक्षिण अंगाला, त्या काळी मोकळ्या असलेल्या भागात, मोठ्या बागेच्या मध्ये हे घर उभे राहिले. शहर आता तिच्या भोवती येऊन भिडले आहे, परंतु आवारात शिरले की झाडांच्या सावलीने रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. उष्णतेशी झगडणे हाच या घराच्या रचनेतील पहिला विचार. सबंध घर वातानुकूलित करण्याची योजना १९३३ च्या आत अमलात आणली गेली, ही गोष्ट त्या काळी हिंदुस्थानात अपूर्वाईची होती.

घराचा आराखडा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आहे; तीन बाजूंना इमारत आणि चौथी बाजू बागेला मोकळी. हे मला फार अर्थपूर्ण वाटले. आपल्या देशावरच्या चौसोपी वाड्यात चारही बाजूंना सोपे आणि मधोमध चौक. आकाश घराच्या आत येते, पण गाव बाहेर राहते. धामधुमीच्या काळात ते आवश्यकच होते. त्यातला एक सोपा काढून घेतला की चौक बागेला जाऊन मिळतो. मुथेसियसच्या मनात आपला वाडा होता असे मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण वाड्यात वाढलेल्या माणसाचे पाऊल त्या अंगणात अवघडत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

आता आत चला. हे ग्रंथालय. छायाचित्रात येथे दोन भव्य लाल आरामखुर्च्या दिसतात. त्या मुथेसियसने स्वतः आखलेल्या; वाचणाऱ्याच्या डोक्यापाशी दिवा खुर्चीतच बसविलेला, हाताशी रक्षापात्रही खुर्चीतच. माणूस वाचताना उठतो कशासाठी याचा विचार करून ती खुर्ची घडविली आहे. ही महाराजांची अभ्यासिका. रूलमान या फ्रेंच कारागिराने केलेले मोठे लिहिण्याचे मेज येथे होते. ही शयनगृहे. येथे लुई सोन्यो आणि शार्लोट अलिक्स यांनी धातू व काच वापरून घडविलेले पलंग होते. जमिनीवर दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे. एका बाजूला ल कॉर्ब्युझिए, पियेर जानरे आणि शार्लोट पेरियाँ यांनी आखलेली, वाकविलेल्या नळीच्या सांगाड्यावर टेकलेली लांब आरामखुर्ची, वर बिबळ्याचे कातडे. हे ल कॉर्ब्युझिए म्हणजे पुढे चंदीगड उभारणारेच. त्यांनी १९५१ साली आपल्या देशात काम हाती घेतले, त्याच्या वीस वर्षे आधी त्यांची खुर्ची इंदुरास येऊन बसली होती. आयलीन ग्रे या आयरिश विदुषीची खुर्चीही येथे होती. आपल्या मंडळात पाइप बेंडिंगचे आणि प्लेटिंगचे काम करणारे सभासद आहेत. त्यांनी ही छायाचित्रे भिंगाखाली पाहावीत. नळीच्या वळणावर सुरकुती नाही, सांधा डोळ्यांना दिसत नाही. घराचे कितीतरी भाग जर्मनीत तयार होऊन जहाजाने मुंबईस आणि तेथून इंदुरास आले. आज ज्याला आपण प्रीफॅब्रिकेशन म्हणतो, ते हेच.

येथे मला एक गोष्ट खटकते, आणि ती न बोलता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंदुरापासून महेश्वर जेमतेम नव्वद किलोमीटर. तेथे अहिल्यादेवींनी विणकर आणून वसविले. महेश्वरी वस्त्राचा लौकिक आजही आहे. त्या मागांवरचे एखादे वस्त्र, मालव्यातल्या एखाद्या लोहाराच्या किंवा सुताराच्या हातची एखादी वस्तू, या छायाचित्रांत मला कोठेही आढळली नाही. पॅरिस आहे, बर्लिन आहे, महेश्वर नाही. यंत्रयुगाचे स्वागत करावे, पण आपल्या हातांना त्यात काम असावे, असे मला वाटते. शिवाय हा सगळा पैसा रयतेचा होता आणि तो काळ जागतिक मंदीचा होता. रसिकतेचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

उलट बाजूही आहे. बुते द मोनवेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रे काढली. एकात ते पाश्चात्य रात्रपोशाखात, दुसऱ्यात मराठेशाही वेशात आहेत. चेहरा तोच, डोळे तेच, आणि दोन्ही वेशांत माणूस सारखाच सहज. ती दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ‘हा राजा साहेब झाला होता’ असा सोपा निकाल देता येत नाही. दिवसा कन्नड-इंग्रजीत कारखाना चालवून रात्री घरी मराठीत भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो मुळीच देता येऊ नये.

आता पक्ष्यांची गोष्ट. ही सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण हिच्यात जकात आहे. ब्रांकुसी नावाचा रुमानियन शिल्पकार पॅरिसमध्ये राहत असे. ‘आकाशातील पक्षी’ या कल्पनेवर त्याने अनेक शिल्पे केली. त्यांत पंख नाहीत, चोच नाही. केवळ वर झेपावणारा एक निमुळता, लखलखीत आकार. त्यांतील एक ब्राँझचा पक्षी १९२६ साली अमेरिकेत नेला, तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्यांनी तो कलाकृती नाही असे ठरविले आणि स्वयंपाकाची भांडी व रुग्णालयाचे साहित्य या सदरात घालून चाळीस टक्के कर आकारला! कलाकृतीला कर माफ होता. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९२८ साली ब्रांकुसीच्या बाजूने निकाल लागला. त्या अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे. परंतु वर्गीकरणाचा तक्ता पुढे घेऊन बसलेल्या माणसाची अडचण मला समजते; तक्त्यात ‘झेप’ हे सदर नसते.

या मालिकेतील तीन पक्षी यशवंतरावांनी घेतले. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी माणिकबागेच्या परिसरात एक ध्यानमंदिर बांधावे, आत जलाशय असावा, वरून प्रकाश उतरावा, अशी योजना ठरली. इतक्यात १९३७ साली महाराणी संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. कन्येला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या हिवाळ्यात ब्रांकुसी मंदिराच्या कामासाठी इंदुरास येऊन राहिला. महाराजांची गाठ पडली नाही आणि तो परत गेला. मंदिर झाले नाही. दोघांनी मिळून हौसेने मांडलेल्या घरातील एक माणूस गेले की उरलेल्याला त्या घरात काय गोडी राहते, हे येथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

पुढचे सर्व आपल्याला ठाऊक असलेल्या इतिहासाचेच भाग. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९६१ मध्ये महाराज वारले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. सत्तरच्या दशकात माणिकबाग केंद्र सरकारकडे आली आणि तेथे केंद्रीय उत्पादन शुल्काचे कार्यालय थाटले गेले. २०१७ पासून तेच वस्तू व सेवा कराचे. काळा आणि पांढरा असे दोन पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले, ते कॅनबेरात आहेत. ब्राँझचा कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. खुर्च्या, पलंग, दिवे, गालिचे १९८० साली मोनाको येथे लिलावात निघाले आणि जगभर पांगले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरविले. तेव्हा पांगलेल्यांपैकी पुष्कळ वस्तू काही महिने पुन्हा एका छताखाली आल्या. ते छत इंदूरचे नव्हते.

मग माणिकबागेत उरले काय? हातातील छायाचित्रे आणि समोरच्या खोल्या ताडून पाहता माझ्या लक्षात आले, की जे उचलून नेता येते ते गेले आणि जे नेता येत नाही ते आहे. खोलीचे माप आहे. खिडकी जेथे आहे तेथेच आहे, आणि तिच्यातून टेबलावर पडणारा उजेड त्या मापानेच पडतो. बाग जिथून दिसायला हवी होती तिथून दिसते. जेथे पंचवीस वर्षांचा राजा बसत असे तेथे आज माझ्यासारखा कोणी पन्नाशीतला अधिकारी फायली उपसतो, आणि त्याला कदाचित हेही ठाऊक नसते की दुपारी आपले डोळे दुखत नाहीत याचे श्रेय एका जर्मन तरुणाला आहे.

सरकारी कार्यालयाने अशा घराची दुर्दशा होते, असे म्हणण्याची रीत आहे. मी ते सरसकट मानत नाही. कार्यालय नसते तर त्या जागी आज काय असते, याची कल्पना बंगळुरात राहणाऱ्याला करून देण्याची आवश्यकता नाही. कंटोन्मेंटातील किती बंगले आपल्या डोळ्यांदेखत बहुमजली झाले! वस्तू परत विकत आणाव्यात असाही माझा आग्रह नाही. त्यांच्या आजच्या किमती ऐकल्या तर अर्थखाते मूर्च्छा येऊन पडेल. परंतु दोन गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. प्रत्येक खोलीत त्याच खोलीचे जुने छायाचित्र भिंतीवर लावावे. आणि वर्षातून काही ठरावीक दिवस, नोंद करून का होईना, सामान्य माणसाला हे घर आतून पाहू द्यावे. हे मी अधिकारी म्हणून बोलत नाही, मराठी माणूस म्हणून बोलतो. सेवानियमांत एवढा भेद करण्यास वाव आहे असे समजतो.

इंदूरला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ते चालू कार्यालय आहे, तेव्हा आधी रीतसर परवानगी मागावी, आणि ती मिळेलच असे धरून चालू नये. आधी लालबाग पाहावी आणि मग माणिकबाग. हा क्रम उलटा केला तर माणिकबाग दिसणार नाही.

आणि एक विनंती. होळकर दरबारात कारकून, ओव्हरसियर, शिक्षक, वैद्य म्हणून काम केलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी देशभर पसरली आहे; आपल्या मंडळातही इंदूर-देवासकडची चार-पाच घरे आहेत. कोणाच्या आजोबांनी माणिकबागेचे सामान रेल्वेवरून उतरवून घेतले असेल, कोणाच्या आत्याने महाराणींना जवळून पाहिले असेल, कोणाकडे जुन्या ट्रंकेत एखादा फोटो, एखादी पावती, दरबारी लखोटा असेल. परदेशी ग्रंथांत राजा आहे, वास्तुविशारद आहे, खुर्च्या आहेत. ते घर ज्यांनी रोज झाडले, ज्यांनी त्या घरात पोळ्या लाटल्या, दिवे लावले, ती माणसे नाहीत. असे काही आपल्याकडे असेल तर त्याची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी, आणि ज्यांना आठवणी आहेत परंतु लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी मला रविवारी सकाळी बोलवावे. मी वही घेऊन येईन. चहा पुरे.